मेंढ्याचा पाय आणि कालवडीचा हात

पेठ,
८ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. चिमास,

दादाचा आशीर्वाद. चिठ्ठी बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनच केला असता, पण मला ऐकू यावं म्हणून तू फोनवर एवढी ओरडतेस की आमच्या घरातली गोष्ट आधी बेल्ह्याच्या बाजारात पोचते. कानाचं यंत्र लावलं तर ते शिट्ट्या मारतं. म्हणून सुभाषच्या टेंपोबरोबर पाठवतो आहे. तो दर सोमवारी तुमच्या बाजाराला येतोच.

लग्नाची तयारी जोरात आहे. तू मध्यस्थी करून तुझ्या थोरल्या जावेची, साळुबाईची, नात माझ्या नातवाला मिळवून दिलीस, हे उपकार मी विसरलेलो नाही. अक्षय तृतीया येता येता येईल. ऋतिक उत्तम आहे. इतका शांत पोरगा मी जन्मात पाहिला नाही. सकाळी जिथे ठेवावा तिथेच संध्याकाळी सापडतो.

आता कामाचं. माझ्या मेंढ्याचा, राजाचा, उजवा मागचा पाय मोडला. गेल्या रविवारी घरी आला तो दोघांच्या खांद्यावर हात टाकूनच. नडगीचं हाड गेलंय. एक्स-रेत मोडलेली रेघ दोरीच्या पिळासारखी हाडाभोवती फिरत गेलेली दिसते. त्याची नवी जीन्स कापावी लागली, म्हणजे लोकर कापावी लागली, आणि मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर घातलं. तुझी सून साधना आळेफाट्याला हाडाच्या दवाखान्यात नर्स आहे, तिला विचार, हे किती दिवसांत जुळतं. अक्षय तृतीयेला राजा चार माणसांत उभा राहिला पाहिजे, एवढंच मला हवं आहे.

आणि हे साळुबाईच्या कानावर घालू नकोस. आमच्या घराण्यात मोडक्या हाडावर हळद चढत नाही, नवरा असो की नवरी, लग्न वर्षभर पुढे जातं, असं तिने सुपारीच्या दिवशीच सगळ्यांना बजावलं होतं. हा नियम माणसांचा, मेंढ्याचा त्याच्याशी काय संबंध. पण म्हातारीला उगाच घोर कशाला.

तुझा,
यमाजीदादा

*

बेल्हे,
१६ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,

चिमाचा नमस्कार. मेंढ्याचं वाचून जीव हळहळला. दुःखाला सोबत असली की ते अर्धं होतं म्हणून सांगते, आमच्याकडेही तसंच झालंय. आमची कालवड पडली आणि तिचा पुढचा उजवा पाय मनगटापाशी मोडला. कोपरापासून प्लास्टर आहे. दिवसातून दहा वेळा मूठ उघडायची आणि मिटायची, असं डॉक्टरांनी तिला सांगितलंय. म्हणजे खूर.

तुझी होणारी नातसून प्रांजल छान आहे. ती आळेफाट्याला साधनाच्या खोलीवर राहून कॉम्प्युटरचा कोर्स करते. डाव्या हाताने माउस धरायला शिकली, फार हुशार पोर. साळुबाईंनाही तिने तिकडेच राहिलेलं बरं वाटतं, अभ्यास होतो म्हणून.

साधनाला विचारलं. ती म्हणते, हाड मोडणं हा एकच प्रकार नसतो. कधी नुसती केसासारखी चीर जाते. सरळ फटका बसला तर उसाच्या कांडीसारखं आडवं तुटतं. लहान पोरांचं हाड ओल्या फांदीसारखं एका अंगाने मोडतं आणि दुसऱ्या अंगाने नुसतं वाकतं. उंचावरून पडलं तर चुरा होतो, आणि कातडी फाडून बाहेर आलं तर सगळ्यात वाईट. तुझ्या राजाचं पिळाचं आहे. मोडल्यावर आधी तिथे रक्त साकळतं. मग त्या जागी मऊ कुर्चा धरते, ती एक्स-रेत दिसतसुद्धा नाही. मग त्यात चुना भरत जातो, हाडावर फुगवटा येतो, आणि तो फुगवटा शरीर सावकाश तासत बसतं, त्याला वर्षही लागतं. मनगट दीड महिन्यात जुळतं. नडगीला तीन महिने, जास्तही. द्राक्षाचं कलम बांधल्यासारखं बांधायचं आणि हलवायचं नाही. नीट बसवलं नाही तरी हाड जुळतंच, पण वाकडं जुळतं, आणि मग सरळ करायचं तर पुन्हा मोडावं लागतं.

तुझ्या मेंढ्याचा एक्स-रे पाठव म्हणते, म्हणजे नक्की सांगता येईल.

साळुबाईंना मी कशाला सांगू. त्यांच्या भावाचा ट्रॅक्टरवाला नातू अजून बिनलग्नाचा आहे आणि त्याची आई आठवड्यातून दोनदा पुरणपोळी घेऊन येते. प्रांजलचं लग्न वर्षभर लांबलं तर ती बाई मांडव घालूनच बसेल. म्हणून म्हणते, आपल्या दोघांकडे सगळं सुरळीत आहे हे किती बरं आहे.

तुझी,
चिमा

*

पेठ,
२२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. चिमास,

आशीर्वाद. एक्स-रे सोबत आहे. कोपऱ्यावरचं नाव कात्रीने कापलं आहे, कारण दवाखानावाल्यांनी चुकून भलतंच नाव छापलं होतं.

राजाने घर डोक्यावर घेतलंय. डॉक्टरांनी रोज दोन अंडी आणि नाचणीची भाकरी सांगितली, तर हा अंड्यांचं ऑम्लेटच मागतो. प्लास्टरच्या आत खाज सुटते म्हणून त्याने विणकामाची सुई आत घातली आणि डॉक्टरांच्या शिव्या खाल्ल्या. दिवसभर मोबाइलकडे बघून एकटाच हसतो. मी विचारलं तर म्हणतो, "काय न्हाई आज्या, किरकेट हाय." सामना नसतो तेव्हाही हसतो.

कालवडीला जप. जनावराला प्लास्टर घालणारा डॉक्टर तुम्हाला कुठे भेटला, इकडे तर सगळे नुसत्या बांबूच्या कामट्या बांधतात.

मला एक सुचलं आहे. अक्षय तृतीयेला ऊन फार असतं. पाहुण्यांना त्रास होईल. तुळशीचं लग्न झाल्यावर, थंडीत, केलं तर कसं? मात्र हे मुलाकडून निघालं तर बरं दिसणार नाही. तू तुझं म्हणून साळुबाईपुढे काढ.

तुझा,
दादा

*

बेल्हे,
२ मार्च २०२५

दादा,

नमस्कार नंतर घालीन.

एक्स-रे पोचला. साधनाने तो खिडकीला लावला आणि मला हाक मारली. मेंढ्याच्या त्या पायात एकच हाड असतं, तुझ्या मेंढ्याच्या पायात दोन आहेत. खाली पाच बोटं आहेत, अंगठ्यासकट. अरे, माझा जन्म मेंढरांच्या कळपात गेला. बाप आपला एकच होता ना? सात पिढ्या ज्यांनी मेंढ्यांचे पाय बांधले त्या घरातला माणूस मेंढ्याच्या पायाचं मला विचारतो, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. ऑम्लेट खाणारा मेंढा.

तो पाय ऋतिकचा आहे. सख्ख्या बहिणीपासून लपवलंस. मी मध्यस्थ, उद्या साळुबाईंना कळलं तर पहिला दगड माझ्या डोक्यात. मनाला इतकं लागलं की दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. आपल्या माणसांशी असं वागवतं तरी कसं कुणाला, हेच मला कळत नाही.

आणि पोरगा कुठे पडला म्हणून सांगतो? साधना म्हणते, पायऱ्यांवरून घसरलं किंवा बांधावरून पडलं तर असं मोडत नाही. पिळाचं मोडतं तेव्हा पाऊल जमिनीत घट्ट अडकलेलं असतं आणि वरचं अंग गर्रकन फिरतं. त्यातही याच्या अंगावर मोठं ओझं असणार. हाड खोटं बोलत नाही. त्याला विचार, ओझं कसलं होतं.

चिमा

*

पेठ,
८ मार्च २०२५

चि. सौ. चिमास,

आशीर्वाद, आणि कान धरतो. दोन्ही, बहिरा धरून.

चुकलं माझं. ऋतिकच आहे. मागच्या महिन्याच्या दोन तारखेला घोडेगावच्या तहसील कचेरीत दाखला काढायला गेला होता आणि तिथल्या पायऱ्यांवर पडला, असं त्याने आम्हाला सांगितलं. ओझ्याचं विचारलं तर म्हणतो, कागदपत्रांची पिशवी होती. एवढी जड कशी, तर म्हणतो, झेरॉक्सा.

तुला मी का सांगितलं नाही, तर भीती वाटली. पोरगा त्या मुलीत किती गुंतला आहे हे तुला माहीत नाही. परवा मी त्याला म्हणालो, वर्षभर थांबावं लागलं तर थांबू, पाय महत्त्वाचा. तर भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "लगीन मोडलं तर ह्यो पाय जुळून मी जाऊ कुठं आज्या?" त्याचा बाप, आपला दादाभाऊ, रडत नाही कधी, तो गोठ्यात जाऊन रडून आला. मग मला मेंढा सुचला.

आता तू म्हणशील तसं करतो. तू खरी, सरळ मनाची. लहानपणीही चिंचा मी चोरायचो आणि मार मिळाला की तू मध्ये पडायचीस. सोबत तुझ्या कालवडीसाठी शेंगदाण्याची पेंड एक गोणी आणि गळ्यात बांधायला पितळी घंटा पाठवली आहे. बिचारं मुकं जनावर, त्याला तर कुठे दुखतं हेही सांगता येत नसेल.

तुझा अपराधी,
दादा

*

बेल्हे,
१६ मार्च २०२५

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. चांगला लांबलचक.

सुभाषने पेंडीची गोणी अंगणात उतरवली आणि घंटा वाजवून दाखवली तेव्हा मी दार लावून आत जाऊन बसले. दादा, आमच्याकडे कालवड नाही. दोन म्हशी आहेत आणि दोघींचे आठही पाय शाबूत आहेत. प्रांजलचं उजवं मनगट मोडलं आहे. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ते मी केलं. तुला एवढं बोलले त्यातलं अर्धं मला लागू आहे. अर्धंच, कारण मी निदान एक्स-रे पाठवला नाही.

आता पुढचं बसून वाच.

प्रांजल म्हणाली होती, क्लासला जुन्नरला गेले आणि एसटीतून उतरताना पडले. तारीख दोन फेब्रुवारी. तुझ्या पत्रातही दोन फेब्रुवारी. मी कॅलेंडर काढलं. दादा, तो रविवार होता. रविवारी घोडेगावची कचेरी तुझ्या नातवाला कोणी उघडून दिली? आणि हिचा क्लास रविवारी कधीच नसतो.

मी आळेफाट्याला गेले. पोरगी डाव्या हाताने भाजी निवडत होती. मी काही विचारलं नाही, एवढंच म्हटलं, ऋतिकच्या अंगावर कसलंसं ओझं होतं म्हणे. तिच्या हातातली मेथी खाली पडली. आधी लाल झाली, मग हसायला लागली, ती इतकी हसली की साधनाला पाणी द्यावं लागलं. मग म्हणाली, "आज्जे, म्याच व्हते ती. बावन्न किलू."

लग्नाआधीचा व्हिडिओ काढायचं खूळ असतं ना हल्ली, त्याला साळुबाईंनी सक्त नाही म्हटलं होतं. हे दोघं फोटोवाल्याला घेऊन मढच्या पुढे धरणाच्या काठावर गेले. अंगावर दोघांच्या घोंगड्या, मागे पाणी, बाजूला कुणाची तरी भाड्याने आणलेली मेंढरं. फोटोवाला म्हणाला, उचल आणि गोल फिरव. तुझ्या बहाद्दराने उचललं आणि फिरवलं, पण त्याचं पाऊल गेलं खेकड्याच्या बिळात. पाऊल आत, अंग फिरलं, नडगीला पीळ बसला. ही पुढे पडली ती हात टेकून, म्हणून मनगट. दोघांचे प्रकार साधनाने सांगितले तसेच, तंतोतंत. मेंढरं पांगली ती गोळा करायला फोटोवाल्याला संध्याकाळ झाली. आणि कॅमेरा चालूच होता.

हिचं प्लास्टर काल निघालं. मनगट जुळलंय पण ताठ आहे, रबरी चेंडू दाबत बसते. रोज ते दोघं मोबाइलवर एकमेकांना प्लास्टर दाखवून हसतात. ते तुझं क्रिकेट.

मला राग यायला हवा होता. आला नाही. पण साळुबाईंना सांगायचं नाही हं दादा. झाकली मूठ सव्वा लाखाची. घंटा म्हशीला बांधली.

तुझी,
चिमा

*

पेठ,
२१ मार्च २०२५

चि. सौ. चिमास,

तुझं पत्र मी दादाभाऊला मोठ्याने वाचायला लावलं. बावन्न किलोपाशी माझ्या कानातलं यंत्र हसण्याने निघून ताकात पडलं. ऋतिकने उशी तोंडावर घेतली ती जेवायच्या वेळेपर्यंत काढली नाही. त्याचं मोठं प्लास्टर निघालं, आता गुडघ्याखालचं आहे, कुबडी घेऊन अंगणात फिरतो.

हसून झाल्यावर मात्र मला झोप लागेना. तूच लिहिलं होतंस ना, नीट बसवलं नाही तरी हाड जुळतं, पण वाकडं जुळतं. लपवून लग्न लावलं तर लागेल गं. पण पोरगी त्या घरची आहे, पुढे कधी ना कधी कळेल, आणि तेव्हा साळुबाई प्रांजलला माहेरचं दार बंद करील. मला ते सोसायचं नाही. मी स्वतः येऊन साळुबाईला सगळं सांगणार. ती ट्रॅक्टरवाल्याला देते म्हणाली तर मान खाली घालून परत येईन आणि पोराला काय सांगायचं ते बघीन.

तू मला अडवशील हे माहीत आहे. म्हणून हे पत्र आणि मी एकाच टेंपोतून येत आहोत.

दादा

*

बेल्हे,
३० मार्च २०२५, पाडवा

ती. दादास,

नमस्कार. सोमवारी तू काय काय कबूल करून गेलास ते तुला ठाऊक आहे का? नसणार. यंत्र ताकात पडल्यापासून बंद आहे हे तू मला निघताना सांगितलंस. त्याआधी तासभर साळुबाईंपुढे बसून तू प्रत्येक वाक्याला मान डोलवत होतास, आणि मला वाटत होतं, माझा भाऊ किती समजूतदार झाला.

तू बोललास ते मात्र फार चांगलं बोललास. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी कोणी उठलं नाही. मग साळुबाईंनी दोघांचे एक्स-रे मागवले, अंगणात जाऊन एकेक उन्हाकडे धरला आणि बराच वेळ बघितला. प्रांजलचा जास्त वेळ. मग आत येऊन म्हणाल्या, "मोडल्या हाडाव हळद न्हाईच चढायची. जुळल्या हाडाव चढंल. जुळलेलं मला फोटूत दावा, मगच मांडव." तू मान डोलवलीस.

पुढच्या अटी अशा. दोघांची हळद आमच्याच मांडवात, त्यांच्या डोळ्यांसमोर. नवऱ्याने मंगलाष्टकं संपेपर्यंत काठीशिवाय उभं राहायचं. तो खाली बसला तर अक्षता पडणार नाहीत आणि लग्न पुढच्या साली. तू मान डोलवलीस. ज्या मेंढ्याच्या नावाने खोटं बोललात तो मेंढा त्यांच्या दावणीला आणून बांधायचा. डोलवलीस. आणि हळदीला ढोल वाजेल तेव्हा मुलाच्या आज्याने गजी नाचायची, पूर्ण. त्यालाही तू इतक्या जोरात मान डोलवलीस की साळुबाईंना पहिल्यांदा हसू आलं.

त्र्याहत्तर वर्षांचा आहेस. तालीम सुरू कर.

चिमा

*

पेठ,
१९ एप्रिल २०२५

चि. सौ. चिमास,

आशीर्वाद. राजा सुभाषबरोबर पाठवला आहे. टेंपोत चढताना त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी घरात निघून आलो. त्याने कुणाचं काय वाकडं केलं होतं?

नवा एक्स-रेही पाठवला आहे, या वेळी नाव कापलेलं नाही. पिळाची रेघ अजून पुसट दिसते, पण तिच्याभोवती पांढरा फुगवटा धरलाय, ढगासारखा. डॉक्टर म्हणतात, छान जुळतंय, प्लास्टर काढून पट्ट्यांचा बूट दिला. उभं राहायला हरकत नाही म्हणाले, पण किती वेळ हे पायच सांगेल. उचलाउचली वर्षभर बंद.

आता रोज संध्याकाळी आमच्या अंगणात मंगलाष्टकं होतात. ऋतिक काठी टाकून पाटावर उभा राहतो आणि दादाभाऊ म्हणतो. त्याचा आवाज तुला माहीत आहे. शेजारचं कुत्रं गाव सोडून गेलं. चौथ्यापर्यंत पोरगा ठीक असतो, सहाव्याला घाम फुटतो, शेवटच्याला पाय कापतो. काल त्याला मध्येच बसावं लागलं. तो पाणी प्यायला आणि म्हणाला, "पुन्यांदा म्हना, पयल्यापासनं."

मी मागे परसात गजीची तालीम करतो. नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणतात, आमचं खरंच वाकडं आहे.

दादा

*

बेल्हे,
२ मे २०२५

ती. दादास,

नमस्कार. घोटा कसा आहे? तू गजी सुंदर नाचलास, शेवटची गिरकी सोडली तर. तुला गाडीत घालून आळेफाट्याला नेलं आणि जे लग्न तुझ्यामुळे उभं राहिलं तेच तुला बघायला मिळालं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. तू प्लास्टर ओलं असताना विचारत होतास म्हणे, पोरगा उभा राहिला का. म्हणून सगळं लिहिते.

आधी हळदीचं. तू तेव्हा तिथेच होतास, पण ढोलाकडे डोळे लावून, आणि साळुबाई हळू बोलल्या. पहिली हळद त्यांनी लावली. प्रांजलच्या गालाला नाही, मनगटाला. मग स्वतःच्या डाव्या हातातल्या बांगड्या वर सरकवल्या. दादा, चाळीस वर्षं आम्ही एका चुलीवर स्वयंपाक केला आणि मी तो हात कधी उघडा पाहिला नव्हता. मनगट वाकडं होतं, हाडाचा उंचवटा आलेला.

"लग्नाआधी इहिरीवर पडले व्हते," त्या म्हणाल्या. "आई म्हनली, झाकून ठिव, लगीन मोडंल. हिरव्या चुड्याखाली झाकलं. हळद लागली की पोरगी कामाला. दुसऱ्या दिशी ह्याच हातानं जातं वढलं. हाडाला कुनी येळच दिला न्हाई. म्हनून म्हनते मी, मोडल्यावं हळद चढवू नगा."

आम्ही सगळे त्या नियमाला अपशकुन समजत होतो. मी तिथेच रडले. प्रांजलने त्यांच्या वाकड्या मनगटाला हळद लावली, तेव्हा त्याही रडल्या.

आता तुझ्या पोराचं. बोहल्यावर आला, काठी दादाभाऊकडे दिली आणि उभा राहिला. पाच मंगलाष्टकं पाषाणासारखा उभा. पण ट्रॅक्टरवाल्याच्या आईला गाण्याची हौस, तिने माइक घेतला आणि स्वतः रचलेलं सुरू केलं, त्यात सगळ्या पाहुण्यांची नावं. संपेना. ऋतिकच्या कपाळावरून घाम गळत होता. बूट थरथरायला लागला. अंतरपाटाखालून प्रांजलला फक्त तो बूट दिसत होता आणि ती हारच विसरली होती. मी साळुबाईंकडे बघेना. तेवढ्यात त्या खुर्चीवरून उठल्या, तिच्या हातातून माइक घेतला आणि भटजींना म्हणाल्या, "सावधान म्हना आता. पोराचं हाड ताजं हाय." भटजी घाबरून एका दमात म्हणून मोकळे झाले. अक्षता पडल्या तेव्हा तो उभा होता दादा. दोन्ही पायांवर. हार घालून झाला आणि मग तो जो खाली बसला तो प्रांजलच्या पायाशीच.

जेवणाच्या पंगतीला फोटोवाल्याने मोठ्या पडद्यावर व्हिडिओ लावला. घोंगड्या, पाणी, उचललं, फिरवलं, आणि धप्प. मेंढरं चौफेर. सगळ्या मांडवाचे घास हातात राहिले. साळुबाई काय म्हणतात म्हणून जो तो वळून बघतोय, तर त्या म्हणाल्या, "म्हागं घ्या. बीळ दिसलं न्हाई मला." पाच वेळा लावायला लावला.

तुझी,
चिमा

*

पेठ,
१० मे २०२५

चि. सौ. चिमास,

आशीर्वाद. तुझं पत्र उशाखाली ठेवलं आहे. नातसून रोज मोठ्याने वाचून दाखवते आणि मी रोज नवं यंत्र लावून ऐकतो.

सरळ सांगतो, या वेळी कुठल्याच जनावराचं नाव घेत नाही. माझा उजवा घोटा, बाहेरच्या बाजूचं हाड, नुसती चीर. दीड महिना. ऋतिक आणि मी एकाच बाजेवर पाय टाकून बसतो आणि प्रांजल आम्हा दोघांना अंडी खाऊ घालते. खाज सुटली तर काय करायचं नाही ते पोरगा मला शिकवतो.

आज सुभाषचा टेंपो दारात थांबला. पाठीमागे राजा. साळुबाईने परत पाठवला, कपाळावर हळद लावून. निरोप एवढाच होता, की मेंढ्याला एकदा तपासून घ्या, तुमच्या घरातल्या पायांचा भरवसा नाही.

मी एका पायावर उड्या मारत गेलो आणि त्याचे चारही पाय चाचपले. धड आहेत.

तुझा,
दादा